‘पाणी साचू देऊ नका’ : एका वाक्याची समीक्षा

काही वर्षांपूर्वी मी आरोग्यविषयक पत्रकांचे मराठी अनुवाद करून देत असे. पैसे शब्दांवर मिळत आणि मजकूर ओळखीचाच असे, त्यामुळे हात भराभर चाले. हिवतापावरच्या एका पत्रकात मी लिहिलं होतं : ‘आपल्या घराभोवती पाणी साचू देऊ नका.’ व्याकरण शुद्ध, शब्द सोपे, ओळ छोटी. पत्रक मंजूर झालं, छापून गेलं आणि मी ते विसरलो.

पुढे भलत्याच कामासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका गावी गेलो होतो. ऑगस्टचे दिवस. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तेच पत्रक चिकटवलेलं दिसलं. भिंतीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्यांमध्ये घोट्याच्या वर पाणी, नजर जाईल तिथवर. सोबत गावच्या आशाताई होत्या. जरा मिरवतच त्यांना म्हणालो, हे मी लिहिलंय. त्यांनी ओळ वाचली, समोर पाहिलं आणि विचारलं, “मग धान कुठं लावायचं, भाऊ?”

त्या चिडल्या नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, कारण गावातल्या बायका हाच प्रश्न त्यांना विचारत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी अशी पत्रकं वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. कथा-कवितांची परीक्षणं मी लिहितोच. तीनशे प्रतींच्या कवितासंग्रहावर आपण चार परीक्षणं छापतो, आणि भिंतीभिंतीवर चिकटणाऱ्या मजकुराला मात्र मजकूर मानतच नाही. तो सरकारी कागद असतो, जनहिताचा असतो, म्हणजे टीकेच्या पलीकडचा. मला वाटतं, जो मजकूर चुकला तर कुणाचा तरी ताप अंगावर निघतो, त्याची समीक्षा आधी व्हायला हवी.

डास कुठला?

पहिली चूक आशयाची. पत्रकावर चित्रं होती : टायर, कूलर, फुलांची कुंडी, उघडं पिंप. ही सगळी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची घरं. मुंबईत हिवताप पसरवणारा ‘अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी’ही गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे माझं वाक्य परळमध्ये खरं होतं. धानोऱ्यातला मुख्य डास मात्र ‘अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस’. तो धानाच्या बांध्यांत, ओढ्याकाठच्या खळग्यांत, नदीच्या पात्रात उरलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याचा जोडीदार ‘फ्लुव्हिएटिलिस’ तर डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या ओढ्यात वाढतो. म्हणजे तिथलं पाणी साचलेलंसुद्धा नाही. ‘कोरडा दिवस पाळा’ ही शहरातली सूचना या गावात शब्दशः पाळली, तरी डासाच्या संसारात फरक पडणार नाही.

मी मूळ मजकूर तपासला नव्हता. पण मूळ लिहिणाऱ्यानंही गाव तपासलं नव्हतं. एकच पत्रक साऱ्या राज्याला पुरावं म्हणून ते कुठल्याच गावाचं राहिलं नव्हतं. कादंबरीत असं झालं तर आपण म्हणतो, लेखकाला परिसर माहीत नाही. इथे तेच म्हणायला हवं.

‘नका’ कोण म्हणतंय?

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ठेवा, वापरा, झोपा, घ्या, टाळा, देऊ नका. पत्रकभर आज्ञार्थ. मराठीत आदर आणि आज्ञा एकाच रूपात येतात. ‘या, बसा’ हेही तेच रूप आणि ‘रांगेत उभे राहा’ हेही तेच. त्यामुळे हुकूम सौजन्यासारखा दिसतो. बोलणारा मात्र कुठेच नाही. कुणी ‘आम्ही’ म्हणत नाही. आम्ही गटार बांधू, आम्ही दोन दिवसांत रक्ताचा अहवाल देऊ, आम्ही गोळ्यांचा साठा ठेवू, अशी एकही ओळ नाही. सगळी क्रिया वाचणाऱ्यानं करायची. आणि संपूर्ण पत्रकात एकही प्रश्नचिन्ह नाही.

वाचणाराही ठरलेला. त्याला घर आहे, घराला आवार आहे, झोपायला खाट आहे, खाटेला दांड्या आहेत, दांड्यांना मच्छरदाणी बांधता येते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेला मजूर या वाक्यात बसत नाही. धान पिकलं की रानडुकरांपासून ते राखायला शेतातल्या माळ्यावर रात्र काढणारा माणूसही बसत नाही.

या सगळ्या खटाटोपाला आपण जो शब्द वापरतो तोही पाहा : ‘जनजागृती’. दर जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना येतो, २५ एप्रिलला जागतिक हिवताप दिन येतो, आणि बातम्यांत हा शब्द येतो. जन झोपलेले आहेत हे त्यात गृहीत आहे. ज्या गावात दर पावसाळ्यात घराघरातून कुणीतरी कुडकुडत पडतं, तिथे हिवतापाबद्दल झोपलेलं असं कोण असणार?

उलट आपला ‘हिवताप’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. आधी हीव, मग ताप. रोग्याच्या अंगात जे घडतं त्यातूनच तो आला आहे, आणि कारणाबद्दल तो काही दावा करत नाही. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘वाईट हवा’. तो कारण सांगतो आणि चुकीचं सांगतो. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला, त्यालाही आता सव्वाशे वर्षं झाली. नाव तेच राहिलं. भाषेत शिरलेली समजूत विज्ञान बदललं म्हणून बदलत नाही, हे पत्रकं लिहिणाऱ्यांनी रोज आठवावं.

सात बुटके आणि अ‍ॅन

या साहित्यप्रकाराच्या दोन प्रसिद्ध नमुन्यांकडे वळतो. दोन्ही १९४३चे, दोन्ही अमेरिकेचे. पहिला, डिस्नेचा ‘द विंग्ड स्कर्ज’ हा सुमारे दहा मिनिटांचा चित्रपट. तो मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी सरकारी पैशातून काढला होता. सुरुवातीला डासाची मादी पोलिसांना हव्या असलेल्या गुन्हेगारासारखी जाहिरातीवर झळकते. एक सुखवस्तू शेतकरी तिच्या चाव्यानं खचतो, शेत ओस पडतं. मग निवेदक प्रेक्षकांतून स्वयंसेवक मागतो आणि हिमगौरीचे सात बुटके उठून कामाला लागतात. पाण्यावर तेल टाकतात, डबकी बुजवतात, खिडक्यांना जाळ्या बसवतात आणि शेवटी मच्छरदाणीत झोपतात.

चित्रपट आजही बघवतो, कारण त्यात काम आनंदाचं दिसतं. पण मदतीला कोण आलं ते पाहा. परीकथेतले बुटके. शेतकरी स्वतः काहीच करत नाही, काही बोलत नाही. बुटक्यांना मजुरी बुडण्याची चिंता नाही आणि जाळी विकत घ्यावी लागत नाही. चित्रपट जिथे अवघड होणार, नेमका तिथे तो परीकथा होतो.

दुसरा नमुना, अमेरिकी सैनिकांसाठी काढलेली ‘धिस इज अ‍ॅन’ ही पुस्तिका. मजकूर मन्रो लीफ यांचा, चित्रं थिओडोर गायझेल यांची. हेच पुढे डॉक्टर स्यूस म्हणून घरोघरी पोहोचले. अ‍ॅन म्हणजे अ‍ॅनोफिलीस. पुस्तिकेत ती रात्री हिंडणारी, सैनिकांना नादी लावणारी बाई आहे. बराकीतल्या थट्टेच्या भाषेत लिहिल्यामुळे ही पुस्तिका आपला वाचक अचूक ओळखते. किंमत मात्र बाईच्या प्रतिमेनं चुकवली. रोग पसरवणारी बाई हे चित्र सैनिकांच्या मनात आधीपासून होतंच. पुस्तिकेनं त्याच्यावर डास बसवला.

आरोग्यप्रशिक्षणाच्या वर्गांत एक किस्सा हमखास सांगितला जातो. पडद्यावर खोलीभर मोठा डास दाखवल्यावर गावकरी म्हणाले, आमच्याकडचे डास एवढेसे असतात, आम्हाला भीती नाही. सगळे हसतात, गावकऱ्यांच्या अडाणीपणावर. मला हा किस्सा चित्रपट काढणाऱ्यांवरचा वाटतो. प्रेक्षकांनी चित्र प्रामाणिकपणे वाचलं होतं. मोठं करून दाखवणं म्हणजे महत्त्व देणं, हा संकेत दिग्दर्शकाच्या गावचा होता.

शाळा काढणारे लेखक

याच्या उलट उदाहरण इटलीतलं आहे, आणि साहित्याच्या वाचकाला ते विशेष जवळचं वाटावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दर वर्षी सुमारे १५ हजार माणसं हिवतापानं मरत. १९००च्या सुमारास सरकारनं क्विनाइन स्वस्तात विकायचा कायदा केला. मीठ-तंबाखूच्या सरकारी दुकानांत गोळ्या मिळू लागल्या. तरी शेतमजूर त्या घेईनात. सरकार आपल्याला विष घालतंय असा संशय होता. ज्या सरकारनं आजवर कर आणि शिपाईच पाठवले, ते फुकट औषध का देईल? हा संशय अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आला होता.

डॉक्टर आंजेलो चेल्ली आणि त्यांची पत्नी आन्ना यांनी यावर पोस्टर काढली नाहीत. कवी जोव्हान्नी चेना, कादंबरीकार सिबिल्ला आलेरामो, चित्रकार दुइलिओ काम्बेलोत्ती यांना सोबत घेऊन त्यांनी रोमभोवतीच्या मैदानात शेतमजुरांसाठी शाळा काढल्या. वर्ग झोपड्यांत भरत, संध्याकाळी आणि रविवारी, मजुरांच्या सवडीनं. आधी अक्षरं, मग हिशेब, आणि त्यातच ताप, डास, क्विनाइन. ज्याला स्वतःच्या मजुरीचा हिशेब वाचता येऊ लागला, तो गोळीच्या डबीवरचं वाचून विश्वास ठेवायचा की नाही ते स्वतः ठरवू शकत होता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इटलीतले मृत्यू काही हजारांवर आले. त्याचं सगळं श्रेय शाळांना देता येणार नाही. औषध होतं, कायदे होते. पण औषध तोंडात जाण्याआधी विश्वास लागतो हे त्या लेखकमंडळींना कळलं होतं. आपल्याकडे लेखकाला घोषवाक्य लिहायला बोलावतात. तिथे ते शिकवायला गेले.

भिंत कुणाची?

आपल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचं उद्दिष्ट ‘नियंत्रणा’वरून ‘निर्मूलना’वर गेलं. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. ही थोर कामगिरी होती आणि तिच्यात लोकांशी बोलायची गरज फारशी पडली नाही. फवारणीवाले येत, भिंतीवर डीडीटी मारत, दारावर तारीख टाकून जात. १९७६ साली रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासांना औषध पचू लागलं होतं, यंत्रणा सैल झाली होती. मग आपल्याला ‘समुदायाचा सहभाग’ आठवला. हा क्रम मला बोचतो. रसायन चालत होतं तोवर लोक भिंतीसारखे होते. रसायन थकलं तेव्हा ते ‘भागीदार’ झाले आणि अपयशाचे धनीही.

फवारलेल्या भिंतीचंच घ्या. डीडीटीचे पांढरे डाग पडतात, वास येतो. सण जवळ आला की बायका भिंती सारवतात, पोतारतात, आणि औषध मातीखाली जातं. अहवालात याला ‘लोकांचं असहकार्य’ म्हणतात. पण घराच्या मातीच्या भिंतीवर हात फिरवणं ही त्या बाईची वर्षाची ठरलेली कामगिरी आहे. तिचं घर कसं दिसावं हे ती तिथे ठरवते. तिच्या भिंतीवर कुणीतरी येऊन डाग पाडून गेलं, आणि सणाच्या आधी की नंतर यायचं हे तिला विचारलं नाही. ‘सारवू नका’ ही सूचना वाक्य म्हणून चुकीची नाही. ती चुकीच्या दिवशी येते.

तिसऱ्या दिवशी संपणारी गोष्ट

आता एक असं वाक्य घेतो, जे बरोबर आहे आणि तरीही हरतं : ‘औषधोपचार पूर्ण घ्या.’

व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. रोग्याच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली : हीव आलं, ताप आला, गोळी घेतली, घाम आला, माणूस उठून कामाला गेला. सुरुवात, मध्य, शेवट सगळं झालं. उरलेले अकरा दिवस कशासाठी, हे सांगायला गोष्टीत एक पात्र कमी पडतं. ते पात्र आहे यकृतात झोपलेला परोपजीवी. तो आठवड्यांनी, महिन्यांनी जागा होतो आणि नव्यानं डास न चावताही ताप परत आणतो. उरलेल्या गोळ्या या झोपलेल्यासाठी आहेत. मी पाहिलेल्या कुठल्याच पत्रकात हे पात्र नव्हतं. ‘पूर्ण घ्या’ हा हुकूम होता, पण ‘अजून कुणीतरी आत झोपलंय’ ही गोष्ट नव्हती. ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या ‘एकदा काय झालं’ अशी सुरुवात ऐकली आहे, त्याला ती गोष्ट कळली नसती असं मला वाटत नाही.

तसंच ‘ताप आल्यास त्वरित रक्त तपासून घ्या’. रक्ताची काचपट्टी तालुक्याला जाऊन अहवाल परत येईपर्यंत रोगी बरा झालेला तरी असायचा किंवा गेलेला तरी, त्या काळातही हे वाक्य भिंतीवर होतंच. मग आशाताईंच्या पिशवीत पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारा तपासणी संच आला, सोबत गोळ्या आल्या. वाक्य तेच राहिलं, पण आता ते खरं झालं. ओडिशात २०१७ साली सुरू झालेल्या ‘दमन’ मोहिमेत दुर्गम पाड्यांवर शिबिरं घेऊन ताप नसलेल्यांचंही रक्त तपासलं गेलं आणि सांगणं व उपचार एकाच दारात पोहोचले. तिथे हिवताप झपाट्यानं उतरला. वर्तन बदलतं ते बहुतेकदा असं : सांगणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं तेव्हा.

प्रश्न विचारणारा कीर्तनकार

मराठीत या कामाचा मोठा कलावंत होऊन गेला. गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनाची बांधणी प्रश्नांची होती. ते वऱ्हाडीत विचारत, समोरचे लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. निष्कर्ष लोकांच्या तोंडून निघे, म्हणून तो त्यांचा असे. आणि विचारण्याचा अधिकार त्यांनी सकाळी खराट्यानं मिळवलेला असे. आमच्या पत्रकांनी बाबांचा स्वच्छतेचा विषय घेतला, प्रश्नचिन्ह आणि खराटा मागे ठेवला.

पाउलो फ्रेरे यांनी १९६९ साली चिलीत कृषी ‘विस्तार’ या शब्दावरच निबंध लिहिला. जाणत्यानं आपलं ज्ञान अजाणत्यापर्यंत ‘पसरवायचं’ या कल्पनेत समोरचा माणूस वस्तू होतो, संवाद होत नाही, हा त्यांचा मुद्दा. ‘जनजागृती’ला तो जसाच्या तसा लागू पडतो. गडचिरोलीतच अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं दवाखाना बांधताना लोकांना विचारलं, म्हणून तो झोपड्यांच्या घाटाचा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. राणीताईंच्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. ते स्त्रियांच्या आरोग्यावर आहे, हिवतापावर नाही. पण आधी ऐकायचं, मग बोलायचं हा क्रम त्या एका शब्दात आहे.

कानोसा घेतला असता तर मला काय ऐकू आलं असतं? सुगी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. लोक तिकीट काढून रात्रभर उघड्यावर नाटक पाहतात. अ‍ॅनोफिलीस रात्री चावतो. गाव मंडपात आणि मच्छरदाणी घरात, अशा किती रात्री जात असतील? ‘रोज मच्छरदाणीत झोपा’ या वाक्याला ही रात्र ठाऊकच नाही. आणि जे लोक तिकीट काढून रात्रभर संवाद ऐकतात, त्यांच्यापुढे आपण चार ओळींचा कागद चिकटवतो.

माझ्या एका डॉक्टर मित्राला हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “पोरं मरतात आणि तू क्रियापदं मोजतोस.” त्याचं खरं आहे. फवारणी, संच, गोळ्या, मच्छरदाण्या यांच्याशिवाय उत्तम वाक्यही निरुपयोगी आहे, आणि या वस्तू वेळेवर पोहोचल्या तर वाईट वाक्यानंही भागतं. पण मच्छरदाणी पेटीतच का राहिली, चौदा दिवसांच्या गोळ्यांतल्या अकरा दिवसांच्या का उरल्या, रक्त द्यायला घरातली म्हातारी नको का म्हणाली, याचं उत्तर तपासणी संचात सापडत नाही. तिथे भाषा लागते, आणि ती भाषा वाईट असेल तर कुणीतरी तसं म्हणायला हवं.

असं काम आजही अधूनमधून माझ्याकडे येतं. आता मी अनुवाद करण्याआधी तीन गोष्टी विचारतो. हे कुठल्या गावासाठी आहे? तिथला डास कुठे वाढतो? आणि ही ओळ वाचणारा माणूस रात्री कुठे झोपतो? बहुतेकदा उत्तर येतं की मजकूर मंजूर झालेला आहे, फक्त मराठी करून द्या. तेव्हा काम दुसऱ्याकडे जातं. एकदा मात्र एका तरुण अधिकारी बाईंनी परत फोन केला. म्हणाल्या, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता येतील, तिसऱ्याचं मला माहीत नाही, विचारून सांगते. त्यांना यायला तीन आठवडे लागले. येताना त्या ओळी नव्हे, एक यादी घेऊन आल्या : माळ्यावर, अंगणात, ओसरीत, चुलीपाशी, तेंदूच्या फडीवर. मग आम्ही लिहायला बसलो.